गळाची खूण कुठंय?

परवा संध्याकाळी तू पिशवी घेऊन आलास. फाटकातूनच हाक मारलीस, ‘‘सर, नीरेचे मासे. आत्ताचे आहेत.’’ पिशवी तुझ्या काकूंच्या हातात दिलीस, माझ्या पाया पडलास आणि गाडी चालूच होती म्हणून लगेच निघूनही गेलास. बरं केलंस. थांबला असतास तर तोंडावर बोललो असतो, आणि तू सवयीनं ‘‘हो सर, हो सर’’ करत मान डोलावली असतीस. कागदासमोर मान डोलावून सुटका होत नाही. म्हणून लिहितोय. शेवटपर्यंत वाच. मधेच मोबाईल बघायचा नाही.

काकूंनी विळी मांडली. तीन रोहू, त्यातला मोठा दोन किलोला थोडा कमी. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो. ३६ वर्षं विज्ञान शिकवलंय. चिरलेलं काही समोर आलं की डोळे आपोआप तिकडं जातात. पहिल्या माशाचा जबडा उघडून पाहिला. ओठाला भोक नाही. गळाची खूण कुठंय? नाही. कल्ल्यामागं बोट फिरवलं. जाळ्यात अडकलेला मासा धडपडतो, तिथं दोरा रुततो, खवले निघतात. इथं एक खवला जागचा हललेला नव्हता. मग मेला कसा? म्हातारपणानं?

काकूंनी पाठीच्या काट्यापर्यंत चीर दिली तेव्हा उत्तर सापडलं. काट्याला चिकटून काळपट रक्ताची गाठ, आणि मधला मणका निखळलेला. पाण्यात करंट सोडला की माशाचे स्नायू एका झटक्यात असे आखडतात की त्याच्याच ताकदीनं त्याचाच काटा मोडतो. हे तुला सांगायला हवं? स्नायू आणि चेता मी तुला शिकवल्या. पुढं बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलंस ते कुणाच्या सांगण्यावरून?

मग मोठ्या माशाचं पोट उघडलं. गाभोळी. दोन्ही बाजूंना ठासून भरलेली, दोन वाट्या सहज. काकूंचा हात थांबला. ‘‘आता हिचं काय करू?’’ म्हणाल्या. मी काय सांगणार?

तू सांग. रोहूच्या मादीला किलोमागं साधारण दोन लाख अंडी असतात. ती वर्षभर वाट बघते. साचलेल्या डबक्यात अंडी टाकत नाही. वीरमधून पाणी सुटावं, बंधाऱ्याचे ढापे निघालेले असावेत, गढूळ लोंढा यावा, मग ती प्रवाहाविरुद्ध वर चढते. मोजके दिवस असतात ते. चढणीचे मासे म्हणतात त्यांना, आणि आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ते कळतात. आणि नेमक्या त्याच दिवशी, नेमक्या अरुंद जागी, मोटारीच्या खांबावर आकडा टाकून तू बसलास. योगायोग? अडाणी माणूस कधीही, कुठंही बसतो आणि हात हलवत परत जातो. तू दिवस निवडलास. जागा निवडलीस. कारण तुला सगळं माहीत होतं. हीच तर माझी तक्रार आहे. न कळणाऱ्यानं केलं असतं तर चार गोष्टी समजावल्या असत्या. तुला काय समजावू?

एक आठवतं का बघ. सहामाहीच्या पेपराला शेजारच्यानं तुझ्यापुढं चिठ्ठी सरकवली होती. तू न बघता परत ढकललीस. मी खिडकीपाशी उभा होतो, पाहिलं, बोललो काही नाही. त्या दिवशी घरी जाऊन काकूंना म्हटलं होतं, हे पोरगं वाकणार नाही. मग आता काय झालं? नदीनं पेपर काढला आणि तू थेट वायर काढलीस?

कारण करंट म्हणजे कॉपीच. पाणी वाचायचं नाही. मासा कुठल्या कपारीला असेल, ऊन कुठून येतंय, सावली पाण्यावर पडतेय का, काही बघायचं नाही. तासभर गप्प बसायचं नाही. वायर टाकली की उत्तर आपोआप वर तरंगतं. आणि वर मिरवायचं! तुझं स्टेटस नातवानं दाखवलं मला. दोन्ही हातांत मासा, चेहऱ्यावर पानिपत जिंकल्याचं हसू, खाली लिहिलंय ‘पट्टीचा मासेमार’. लेका, त्या फोटोतली कामगिरी वीज मंडळाची आहे. तू फक्त पाटी धरून उभा होतास. आणि वीजही चोरीची.

ओल्या काठावर अनवाणी उभं राहून अशी वायर धरणारी माणसं मेली आहेत. मासा आणि माणूस यांत करंट फरक करत नाही. तुझी पोरगी दुसरीत आहे ना? तिला काय सांगायचं, बाबा रोहू धरायला गेले होते?

‘‘सर, आमच्या घरात आज्यापासून मासेमारी आहे.’’ हे तू म्हणणार. म्हणतोसच. तुझा आजा मी पाहिलाय. तुझ्याआधी त्याच्या शेजारी मी बसलोय, खंडोबाच्या यात्रेला जावं तशा हौसेनं. काठी बांबूची, दोरीवर ज्वारीच्या धाटाचा वीतभर तुकडा बांधलेला, गळाला गांडूळ. बोलायची बंदी. खोकला आला तरी दहा पावलं लांब जाऊन खोकायचं. एकदा समोर पाणी थरथरलं. बघतो तर तांबड्या-नारिंगी पिल्लांचा घोळका, कुंकू सांडल्यासारखा, पाण्याच्या वरच्या थरात फिरतोय. घोळक्याखाली काळी सावली. मरळ. हातभर तरी असेल. मरळ पिल्लांपासून लांब जात नाही, आणि तिला हवेत श्वास घ्यायला वर यावं लागतं. म्हणजे मारणाऱ्याला याहून सोपं काही नाही. मी तोंड उघडणार तोच म्हाताऱ्यानं माझ्या गुडघ्यावर हात दाबला आणि गळ उचलून दुसऱ्या बाजूला टाकला. परतताना एवढंच म्हणाला, ‘‘लेकुरवाळी होती, मास्तर.’’ त्या दिवशी आम्ही रिकाम्या हातानं आलो. त्याच्या घरात त्या काळी रोज कालवण होत होतं असं नाही, बरं का. त्याला त्या माशाची तुझ्यापेक्षा जास्त गरज होती.

हा आजा तुझा. याचं नाव घेऊन तू आकडा टाकतोस? वारसा म्हणून म्हाताऱ्याची काठी घ्यायची होती. तू त्याचं नुसतं नाव घेतलंस, ते फुकट मिळतं म्हणून.

दुसरी सबब: ‘‘सर, आता नदीत राहिलंय काय? चिलापीच तर आहे.’’ अरे शहाण्या, का आहे ते बोल की! चिलापी मूळची आफ्रिकेची, भारतात आणली १९५२ साली. ती पुराची वाट बघत नाही. साचलेल्या पाण्यात खड्डा करून अंडी घालते आणि मादी ती तोंडात सांभाळते. रोहूला आणि इथल्या जुन्या माशांना मात्र वर चढावं लागतं. (रोहूही मूळ गंगेकडचा, माहितीये मला, पण इतक्या वर्षांत तो आपल्यात जावई म्हणून मुरलाय.) चढणाऱ्यांना तू चढणीवरच आडवं केलंस, तर मागं राहणार कोण? जो चढत नाही तो. म्हणजे चिलापी राहिली, यात तुझ्या वायरीचाही वाटा आहे; आणि चिलापीच राहिली म्हणून तू वायर टाकतोस. वा! नववीत असं उत्तर लिहिलं असतंस तर पेपरवर लाल शून्य काढून वर्गात वाचून दाखवलं असतं.

तिसरी सबब मला सगळ्यांत आवडते, कारण ती अर्धी खरी आहे. ‘‘उन्हाळ्यात नीरेचं पाणी काळं पडतं, मासे पालथे होऊन तरंगतात, तेव्हा कुणी कुणाला विचारत नाही. आमच्या चार माशांवरच डोळा.’’ बरोबर आहे. पाणी काळं पडतं. सांगवीपासून खाली नाकाला रुमाल लावून पूल ओलांडावा लागतो, तेव्हा मलाही चीड येते. पण तुझी चीड कुठं गेली? एकदा तरी अर्ज केलास? पाण्याचा नमुना बाटलीत भरून कुणाच्या टेबलावर ठेवलास? पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कसा मोजतात ते तू प्रयोगशाळेत केलंयस, गावात असे किती जण आहेत? काही केलं नाहीस. दुसऱ्याच्या पापाची पावती फाडून स्वतःच्या खिशात ठेवलीस, एवढंच. घराला आग लागली म्हणून आपणही दोन काड्या ओढाव्यात, असला हा न्याय.

‘‘भिगवणला काय चालतंय ते बघा की.’’ बघितलंय. उजनीच्या पाण्यावर कोळ्या-भोयांची शेकडो घरं जगतात. तिथं बारीक आसेचं वडाप जाळं लावून बोटभर पिल्लंसुद्धा खरवडून नेणारे आहेत, खरंय. पण त्या वडापच्या नावानं सगळ्यांत मोठी बोंब कोण मारतं? तेच मासेमार. जाळ्याची आस केवढी असावी यावरून ते भांडतात, कारण आज बोटुकली उचलली तर पुढच्या वर्षी ताटात काय, हे त्यांना कळतं. त्यांच्यातलेच काही जण हिवाळ्यात कुंभारगावला होडीत पाहुणे बसवून रोहित पक्षी दाखवतात. जाळ्याशिवायही पाण्यावर पोट भरता येतं, हे ते कुठल्या कॉलेजात शिकले? तुझं तर पोटही यावर नाही. ऊस आहे, गाळपाचा हिशेब आहे, एमआयडीसीतली नोकरी आहे. तुला मासा लागतो तो फोटोला.

आता दुसऱ्या विषयाकडं वळू. तुला वाटलं असेल मास्तरला फक्त माशांचं कळलंय.

अमावस्येच्या मागंपुढं तुम्ही चौघं गाडी काढता. माळेगावातून निघून जिरायती पट्ट्यात, शिर्सुफळच्या माळाकडं, कधी पुढं कडबनवाडीच्या बाजूला. टपावर हॅलोजन. बागायतात चढलेली चरबी जिरायतात जिरवायला. ससा उजेडात सापडला की डोळे दिपून जागीच बसतो. मग काय, काठी. याला तू शिकार म्हणतोस? बसलेल्या जनावराला काठी? शाळेत असताना लंगडीतसुद्धा तू बसलेल्या गड्याला बाद करत नव्हतास.

‘‘ससाच तर आहे, वाघ थोडाच मारलाय.’’ वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तू जन्मायच्या आधीचा. सशाला मारणं गुन्हा, घोरपडीला मारणं त्याहून मोठा गुन्हा, फास लावणं गुन्हा, पाठलाग करून हाती काही न लागणं हाही गुन्हा. कारण कायद्याच्या व्याख्येत प्रयत्नसुद्धा शिकारच आहे. गाडीही जप्त होते. हप्ते किती राहिलेत तिचे? आणि पाण्यात सुरुंगाचा तोटा उडवणं आणि विष कालवणं तर १८९७ पासून गुन्हा आहे, इंग्रजाच्या राज्यातलं. करंटबद्दल तेव्हा लिहिलं नाही, कारण माळावर खांब नव्हते. आता या शेवटच्या वाक्यात पळवाट शोधू नको. तुझा चेहरा इथून दिसतोय मला.

पण कायद्याची भीती दाखवून तुला सुधारायचं असतं तर पोलिसात गेलो असतो, कागद खराब केला नसता. मला वेगळंच विचारायचंय. त्या माळावर रात्री तू काय बघतोस? हॅलोजनच्या झोतापलीकडचं काही दिसतं का रे? कडबनवाडीच्या गवतात लांडगा आहे. साऱ्या देशात तीनेक हजारांच्या आसपास उरलेत, त्यातले काही आपल्या तालुक्यांच्या माळावर पिल्लं वाढवतात. चिंकारा आहे, सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली त्याच्यासाठीच केलं, साधारण पाच चौरस किलोमीटर. खोकड आहे, तित्तर आहे. हा ससा त्यातल्या लांडग्याच्या ताटातला. तू ससे उचललेस की लांडगा उपाशी बसत नाही, तो धनगराच्या वाड्याकडं वळतो. मग कोकरू गेलं म्हणून कुणीतरी मेलेल्या शेळीवर औषध टाकतो. तुला दिसतो ससा. त्याला बांधलेली दोरी कुठवर जाते ते दिसत नाही? ही अन्नसाखळी आहे. पाच मार्कांना येते. तुला पाचपैकी पाच होते.

आणि पारध्याकडं बोट दाखवू नको. गावात काही चोरीला गेलं, कुठं फास सापडला की पहिलं नाव त्यांचं. अर्ध्या रात्री त्यांच्या पालावर जाऊन दम देणारे कोण असतात, आणि त्याच रात्री हॅलोजन लावून माळावर कोण असतं, हे मला माहीत आहे. फासेपारध्याला तित्तराच्या आवाजावरून नर की मादी हे सांगता येतं. तुला येतं? त्यालाही मारायची मुभा नाही, मान्य. पण तो निदान रान ओळखतो. तू ना रानाचा, ना कायद्याचा.

मागं एकदा मोठ्या तोऱ्यात म्हणाला होतास, ‘‘सर, व्यंकटेश माडगूळकरही शिकार करायचे.’’ करायचे. पण पुस्तक अर्ध्यावर मिटायची तुझी जुनी खोड गेली नाही अजून. त्याच माणसानं पुढं बंदूक खाली ठेवली आणि तो रानात नुसतं बघत बसायला शिकला. वानरांच्या टोळ्या बघून ‘सत्तांतर’ लिहिलं; १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. तू माडगूळकरांच्या आयुष्यातलं पहिलं पान फाडून घेतलंस आणि पुढची सगळी टाकून दिलीस. मीच दिलं होतं तुला ते पुस्तक. परत आणून दिलेलं नाहीस, तेही लक्षात आहे माझ्या.

माळढोक ऐकलायस? ऐकलाच असशील, स्पर्धा परीक्षेला विचारतात. उजनीच्या पलीकडं करमाळ्यापासून नान्नजपर्यंतचा मुलूख त्याच्यासाठी १९७९ साली राखला. वर्षाला बहुधा एकच अंडं, तेही उघड्या जमिनीवर. बंदुकीच्या हौसेनं, कुत्र्यांनी, नांगरानं, तारांनी, सगळ्यांनी मिळून असा संपवला की आता एखादा दिसला तर पेपरात बातमी येते. तो शेवटचा मारणाराही असंच म्हणाला असेल: एकानं काय फरक पडतो.

रागावलास? राग येऊ दे. पण आता माझंही ऐक, कारण फक्त तुझं काढून थांबलो तर मीही कॉपीच केली. ही पिशवी पहिली नाही. गेली दोन वर्षं पाऊस लागला की तू मासे आणतोस. मी घेतले. खाल्ले. काकूंचं कालवण गोड लागलं. एकदाही जबडा उघडून पाहिला नाही. माजी विद्यार्थी आठवण ठेवतो याचंच कौतुक चार लोकांत सांगत फिरलो. विज्ञानाचा मास्तर मी, आणि ताटातल्या माशाला गळाची खूण आहे का हे बघायला मला दोन वर्षं लागली. आळस तुझ्या एकट्याचा नाही. पण माझं वय ७१ आहे आणि तुझं ३४. माझ्या आळसाला आता फार मैदान उरलेलं नाही. तुझा आळस अजून ४० वर्षं नदी पिऊ शकतो.

तुला मासेमारी सोड म्हणतोय का मी? नाही. असलं मेंगळट मी बोलत नाही. मला मासा आवडतो, तुलाही आवडतो, आणि नदीकाठच्या माणसानं गळ टाकू नये असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच की तुला मासा धरता येत नाही. येत नाही म्हणून वायर. शिकायला वेळ लागतो, लोक हसतात, रिकाम्या हातानं परत यावं लागतं. ते नको. तुला थेट निकाल हवा. आजा तुला शिकवायला तयार होता, तेव्हा तू क्रिकेटच्या मॅचला पळायचास. आता तो नाही. त्याच्या शेजारी बसून जे थोडंफार उचललं ते माझ्याकडं आहे, तेवढंच शिल्लक.

तेव्हा ऐक. रोहू डीप फ्रीजमध्ये आहेत. शिजवले नाहीत, टाकलेही नाहीत. गाभोळी वेगळ्या डब्यात आहे. शनिवारी सकाळी सहाला ये. डबा उघड, चमचाभर गाभोळी पांढऱ्या बशीत पसर आणि माझ्यासमोर अंडी मोज. मोजून झाली की चमच्यावरून सगळ्या डब्याचा हिशेब मांड. प्रमाण, सातवीचं गणित. उत्तर वहीत लिही, खाली तारीख घाल.

मग नदीवर जाऊ. पाणी ओसरलं असेल. काठी माझ्याकडं आहे, तुझ्या आज्याचीच. त्यानं दिली होती, मी परत केली नाही. (पुस्तकाची फिट्टंफाट झाली समज.) तंगूस नवा आणलाय. गळ दोनच, लहान. गाडी फाटकाबाहेर बंद करून ठेव, इंजिन चालू ठेवून यायचं नाही. आणि गांडुळं मी काढून ठेवणार नाही. गोठ्यामागं ओल आहे, टिकाव तिथंच टेकवून ठेवलाय. तुझी तू खण.